झोकांडे पेंटर आणि फुंकणी

झोकांडे पेंटरांचं खरं आडनाव वेगळंच आहे. ते त्यांनी दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या हाताने, अक्षरांना सावली देऊन, सुबक रंगवलेलं आहे. तरीही लोक त्याच पाटीखाली उभं राहून त्यांनाच विचारतात, "झोकांडे पेंटर कुठे बसतात हो?" आणि तेही दातात ब्रश धरून "हे काय, इथेच," असं सांगून मोकळे होतात.

नाव पडलं ते चालण्यावरून. लहानपणी त्यांना मोठा ताप आला आणि तो उतरताना एका कानात काहीतरी उलटंपालटं करून गेला. डॉक्टर म्हणाले, माणसाचा तोल पायात नसतो, कानात असतो, आणि या मुलाचा कान जरा रुसलाय. तो रुसवा पुढे कधी गेलाच नाही. उभे राहिले की झोकांडे खिडकीच्या पडद्यासारखे हलत, आणि चालायला लागले की रस्त्याच्या दोन्ही कडा त्यांना सारख्याच जवळच्या वाटत. बसले की मात्र खांब! खुर्ची असो, स्टूल असो, स्कूटर असो, बुड टेकलं की माणूस गवंड्याच्या ओळंब्यात, अगदी सरळ. मोठे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या आवारात स्कूटरवर, मग गाडीत बसवून फेऱ्या मारायला लावल्या आणि सांगितलं, "चालवायला काही हरकत नाही. चालताना तेवढं जपा."

धंदा गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवण्याचा. दिवसभर थिनरच्या वाफेत बसून डोळे कायमचे लाल झालेले. बारीक ब्रश दातात धरून बोलायची सवय, त्यामुळे ब्रश नसला तरी शब्द तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडत. म्हणजे डोळे लाल, जीभ जड, पाय वाकडे. आणि दारू? दारूला हा माणूस जन्मात शिवला नव्हता. शिवायचं सोडा, शेजारी कुणी बाटलीचं बूच काढलं तरी त्यांना शिंकांची माळ लागायची.

लग्नाच्या वेळीच या दिसण्याने घात होणार होता. मुलगी बघायला गेले, तर दारातून आत येतानाच ते चौकटीला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून भेटले. मुलीचे वडील बायकोच्या कानात म्हणाले, "हा तर भर दुपारी टाकून आलाय." होणाऱ्या सासूबाई मोठ्या धीराच्या. त्या उठल्या, सरळ मुलाजवळ गेल्या, त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन दोनदा हुंगलं आणि निकाल दिला, "मुलगा प्यालेला नाही. रंगलेला आहे. नुसता रंगाचा डबा!" त्या एका हुंगण्यावर लग्न जमलं.

पोलिसांकडे सासूबाईंचं नाक नव्हतं. त्यांच्याकडे श्वास तपासायचं यंत्र होतं. तोंडात नळी धरायची, जोरात फुंकायचं, आणि आत दारूचा अंश असला तर यंत्र किंचाळायचं. गावात सगळे त्याला फुंकणी म्हणत. झोकांड्यांना अडवलं नाही असा वाहतुकीचा हवालदार त्या शहरात अजून नेमला गेला नव्हता. स्कूटर चालवताना कुणाला शंका यायची नाही. सिग्नलला सीटवरून उठून पाय टेकला आणि मान हलली की शिट्टी वाजलीच.

"उतरा. कुठून आलात?"

"दुकानातून."

"कसल्या?"

"पाट्यांच्या."

"पार्ट्यांच्या?"

"पाट्यांच्या हो. रंगवतो मी."

"ते दिसतंच आहे. रंगलायत चांगले. फुंका."

झोकांडे फुंकत. यंत्र गप्प. आकडा शून्य. हवालदार यंत्राला थापटी मारी, सेल काढून परत घाली, मग दुसरं यंत्र मागवी. तिथेही शून्य. शेवटी हवालदार स्वतः फुंकून बघे आणि आपलंही शून्य आलं की कुणीतरी आपल्याला फसवल्यासारखा चेहरा करे. झोकांडे कधी चिडले नाहीत. "तुमची काय चूक," म्हणत, "मी आरशात बघतो तेव्हा मलाही शंका येते."

मग शहरात वाहतुकीच्या नव्या इन्स्पेक्टर बाई आल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या, आणि हसू आलं की टोपी सारखी करणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात झोकांड्यांना अडवलेलं पाहिलं, शून्य पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी थेट दुकानात आल्या.

"पेंटर, तुम्ही मला हवे आहात."

झोकांड्यांच्या तोंडातून ब्रश पडला. "बाई, तुमच्याच माणसांनी मला कितीदा तपासलंय. मी घेत नाही हो."

"म्हणूनच हवे आहात. माझे नवे शिपाई डुलणारा माणूस दिसला की धावतात, आणि ताठ बसलेल्याला सलाम करून सोडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. त्यांना शिकवायला संन्यासी पाहिजे."

तेव्हापासून दर नव्या तुकडीच्या वेळी झोकांडे पोलिसांच्या मैदानात जाऊन उभे राहू लागले. रांगेत चार जण. त्यातले दोघे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुद्दाम दारू दिलेले, एक साधा आणि एक झोकांडे. शिपायांनी ओळखायचं, गाडी कुणाच्या हातात द्यायची नाही. झाडून सगळे बोट दाखवत झोकांड्यांकडे. मग फुंकणी फिरे. झोकांडे शून्य, आणि त्यांच्या शेजारी ताठ उभा राहून ‘मी कसा अगदी बरा आहे’ म्हणणारा गृहस्थ यंत्राला किंचाळायला लावी.

"दारू आधी पायात उतरत नाही," बाई सांगत. "आधी डोक्यात जाऊन तिथल्या राखणदाराला झोपवते. हळू चालव, थांब, समोर बघ, असं सांगणारा तो. पाय मागाहून लटपटतात. तोवर माणूस सरळ बसून, सरळ कुणाच्या तरी अंगावर गाडी घालतो. आणि वर त्याला वाटत असतं, आज आपला हात काय मस्त बसलाय!"

झोकांड्यांना हे काम फार आवडे. जन्मभर ज्या डुलण्याने मान खाली घालायला लावली, त्याच डुलण्याला आता टाळ्या पडत होत्या. त्या दिवशी ते नवा सदरा घालून जात आणि घरी येऊन बायकोला सांगत, "आज सगळ्यांना फसवलं!"

बायकोला त्याचं विशेष कौतुक नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे कायम तिचा मोठा भाऊ असे. विमा कंपनीत साहेब. त्यांना सगळं सासर-माहेर पाठीमागे इस्त्रीदादा म्हणे, कारण त्यांच्या कपड्यांवर, बोलण्यावर आणि भांगावर कधी सुरकुती पडत नसे. नाकासमोर चालणारा माणूस. "दादाकडे बघा," बायको म्हणे, "रस्त्याने चालतो तर पट्टीने रेघ मारल्यासारखा. नाहीतर तुम्ही! भाजी आणायला गेलात तर वाटेतल्या प्रत्येक दुकानाला हात लावून येता."

"कानाचा दोष आहे गं."

"कान मलाही आहेत."

यावर झोकांडे ब्रश दातात धरून पुढच्या पाटीला हात घालत.

तर झालं असं की इस्त्रीदादांनी नवी मोटार घेतली. पांढरी शुभ्र, आत बसलं की नव्या चपलेच्या दुकानासारखा वास. त्या आनंदात त्यांनी रविवारी सगळ्यांना जेवायला न्यायचं ठरवलं. शहराबाहेर कालव्याच्या काठाला झाडाखाली टेबलं मांडलेलं एक हॉटेल होतं, तिथे. गाडीत इस्त्रीदादा, त्यांची बायको म्हणजे वहिनी, सासूबाई आणि झोकांड्यांची बायको. झोकांडे स्कूटरवर. गाडीत जागा होती, पण इस्त्रीदादा फार गोड आवाजात म्हणाले, "जावईबुवा, राग मानू नका. सीट थिनरचा वास धरेल."

जेवणाच्या टेबलावर इस्त्रीदादांनी आपला स्टीलचा थर्मास ठेवला. बाहेरचं पाणी त्यांना सोसत नसे. घरून लिंबूपाणी आणायचं, झाकणात ओतायचं, आणि करंगळी बाजूला ठेवून घोट घ्यायचा. जेवण येईपर्यंत त्यांनी बरेच घोट घेतले. शेजारी बसलेल्या झोकांड्यांना पहिल्या झाकणाला एक शिंक आली. दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला माळच लागली.

"झाडाचं काहीतरी उडतंय," इस्त्रीदादा म्हणाले आणि त्यांनी रुमाल पुढे केला. घडी केलेला.

मग ते वेटरला बिलाचं काही सांगायला उठून गेले, आणि सासूबाईंना ठसका लागला. वय झालेलं, ऐकू कमी येई, पण हाताशी आलेलं सोडायची सवय नव्हती. त्यांनी थर्मास उचलला, झाकणबिकण न बघता तोंडाला लावला आणि चांगले दोन-तीन घोट घेतले.

"अगं बाई!" त्यांनी डोळे मिटले. "आलं केवढं घातलंय यात!" मग थोडा विचार केला. "आलं चांगलं असतं सांध्यांना." आणि पुन्हा तोंडाला लावला.

जेवण निम्म्यावर आलं तोवर सासूबाई बहरल्या. वेटरला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाळा, तुझे कान फार सुंदर आहेत रे. जप त्यांना." शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाकडे बघून त्यांनी हात हलवला. आणि मग काय मनात आलं कोण जाणे, एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. ठणठणीत आवाजात, टेबलावर चमच्याने ताल धरून, शेवटपर्यंत, एकही चूक न करता. शाळेत याच पाढ्यासाठी त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या.

"आईला ऊन लागलंय," झोकांड्यांची बायको घाबरून म्हणाली.

झोकांडे तिच्या कानाशी वाकले. "अगं, ऊन नाही. त्या थर्मासात दारू आहे."

"कुणाच्या?"

"दादांच्या."

"दादाच्या?" तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यांनी सूर्यालाच उधारीवर आणलेला म्हटलं असतं तरी तिने इतकं वाईट वाटून घेतलं नसतं. "शुद्धीवर आहात ना? स्वतःकडे बघा जरा. बसल्या जागी डोळे आणखी लाल झालेत."

"ते शिंकांनी गं."

"पुरे."

झोकांड्यांनी वहिनींकडे पाहिलं. ताट रिकामं होतं, तरी त्यातली मिठाची चिमूट त्या बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिल्या. झोकांड्यांना तेवढं पुरलं.

इस्त्रीदादा परत आले, तेव्हा त्यांच्या चालण्यात काडीचा फरक नव्हता. सदऱ्याला सुरकुती नाही, केस जागच्या जागी. फक्त गाडीपाशी जाईपर्यंत त्यांनी तीच एक गोष्ट तीनदा सांगितली, की या गाडीचं स्टिअरिंग असं लोण्यासारखं आहे की एका बोटाने वळतं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांनी बोटही दाखवलं.

मग ते गाडीत बसले आणि मागे घेऊ लागले. तिथे कठड्याला लागून मोठी मातीची कुंडी होती. तिच्या शेजारी हॉटेलचा माळी मघापासून पाय पसरून बसला होता. नुकताच नळावर पाणी प्यायला उठला होता. गाडी सरळ, जराही न थरथरता, कुंडीवर गेली. कुंडीचे दोन तुकडे, आणि माळी बसला होता त्या जागेवर मातीचा ढीग.

माळी नळाशी उभा. तोंडातलं पाणी गिळायचं विसरला.

"अशा मध्ये कुंड्या ठेवतात का?" इस्त्रीदादा खिडकीतून म्हणाले. "नुकसान भरून देतो हो. विमा आहे."

झोकांडे डुलत डुलत गाडीपाशी आले आणि त्यांनी दाराला धरलं. "दादा, किल्ली द्या. मी चालवतो. स्कूटर राहू द्या इथेच."

इस्त्रीदादा हसले. "जावईबुवा, आधी एका जागी उभे राहून दाखवा."

गाडीतले सगळे हसले. बायकोही हसली. सासूबाई तर टाळ्या वाजवून हसल्या, कारण त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. फक्त वहिनी हसल्या नाहीत.

झोकांड्यांनी इन्स्पेक्टर बाईंना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दर रविवारी दुपारी याच हॉटेलांवरून परतणाऱ्यांसाठी बाई पुलावर नाका लावतात, हे त्यांना माहीत होतं. तिथल्या गोंगाटात कसला फोन ऐकू येणार? मग त्यांनी दुसरा विचार केला नाही. इस्त्रीदादा सीटचा पट्टा तिसऱ्यांदा लावून बघत होते तेवढ्यात झोकांड्यांनी स्कूटर काढली आणि फाटकातून गाडीच्या आधी रस्त्यावर आणली.

रस्ता अरुंद. एका बाजूला कालवा, दुसरीकडे बागांची भिंत. झोकांडे बरोबर मधोमध, सायकलवर जाणाऱ्या म्हाताऱ्यानेही मागे टाकावं इतक्या हळू निघाले. मागे नवी पांढरी गाडी. हॉर्न वाजला. झोकांड्यांनी हात हलवला. लांब हॉर्न वाजला. झोकांड्यांनी स्कूटर जरा कालव्याकडे नेली आणि इस्त्रीदादा गाडी भिंतीच्या बाजूने पुढे काढायला बघू लागताच परत मध्ये आणली. आरशात त्यांना बायकोचा लाल झालेला चेहरा दिसत होता, आणि मागच्या खिडकीतून बाहेर आलेला सासूबाईंचा हात, जो वाटेतल्या प्रत्येक झाडाला निरोप देत होता.

"बघ, बघ कसा चालवतोय तुझा नवरा!" आत इस्त्रीदादा बहिणीला म्हणत होते. "आज नक्की घेतलीय त्याने. मघाशी शिंकत काय होता!"

एकदाचा पूल आला. नाका होता. अडथळे लावलेले, हवालदार उभा, हातात फुंकणी. जन्मात पहिल्यांदा झोकांड्यांना पोलीस बघून आनंद झाला. त्यांनी वेग आणखी कमी केला आणि अडवण्याची वाट बघू लागले.

हवालदाराने त्यांना पाहिलं. मिशीत हसला. "या या पेंटर! आज काय रविवारचं फिरणं? जा, जा पुढे." आणि हाताने वाट मोकळी करून दिली.

एवढ्या वर्षांत एकदा तरी कुणी असं म्हणावं, म्हणून ज्यांचा जीव तळमळला, त्यांच्या नशिबी ते आलं तर कधी आलं!

"मला अडवा," झोकांडे म्हणाले.

"अहो, तुम्हाला कशाला?"

"मी प्यालोय!"

"तुम्ही?" हवालदार पोट धरून हसायला लागला. दुसऱ्याला हाक मारली, "अरे ऐकलंस का, पेंटर म्हणतायत ते प्यालेत!" दोघे हसू लागले.

मागून गाडी येत होती. इस्त्रीदादांना मोकळी झालेली वाट दिसली होती, आणि त्यांनी वेग घेतला होता. झोकांड्यांनी स्कूटर रस्त्यात आडवी लावली, उतरले आणि दोन्ही हात वर करून तिच्यापुढे उभे राहिले. उभे म्हणजे त्यांच्या परीने. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

ब्रेक लागले ते उशिरा लागले. टायर किंचाळले, गाडी सरकत आली, स्कूटरला धडकली, स्कूटर आडवी पडून झोकांड्यांच्या पायाशी घसरत आली, आणि गाडीचं नाक त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबलं. क्षणभर कुणीच हसलं नाही.

मग गाडीचं दार उघडलं आणि इस्त्रीदादा खाली उतरले. पट्टीने रेघ मारल्यासारखे चालत आले. सदरा सारखा केला.

"हवालदारसाहेब, माफ करा. हे आमचे जावई. थोडी घेतात. मी त्यांना समज देईन. सोडून द्या बिचाऱ्यांना."

हवालदाराने झोकांड्यांकडे पाहिलं, इस्त्रीदादांकडे पाहिलं. "हे घेतात?"

"घरातलं झाकून ठेवतो हो आम्ही," इस्त्रीदादा हळूच म्हणाले.

"मी फुंकतो," झोकांडे म्हणाले. "पण माझ्यानंतर दादांनी फुंकायचं."

"मी?" इस्त्रीदादांनी चष्मा काढला. "माझ्याकडे बघा आणि मग बोला."

एव्हाना इन्स्पेक्टर बाई पलीकडून आल्या होत्या. त्यांनी आडवी स्कूटर पाहिली, रस्त्यावरची टायरची काळी रेघ पाहिली. काही विचारलं नाही. हात पुढे केला, फुंकणी घेतली, नवी नळी बसवली. "साहेब, या."

"बाई, मी विमा कंपनीत अधिकारी आहे. अपघातांच्या चौकशा माझ्या टेबलावर येतात."

"मग तुम्हाला सांगायला नको. फुंका."

"हा माझा अपमान..."

"फुंका," मागून आवाज आला.

वहिनी गाडीतून उतरल्या होत्या. एरवी त्यांचा आवाज स्वयंपाकघराबाहेर सहसा जात नसे. आता त्या पुलाच्या मधोमध उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे बघत होत्या. "फुंका. नाहीतर मी सांगते त्या थर्मासात काय आहे. आणि किती वर्षांपासून आहे."

इस्त्रीदादांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुरकुती पडली.

तेवढ्यात सासूबाई खाली उतरल्या. काय चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी फुंकायची स्पर्धा आहे एवढं दिसत होतं. "आधी मी!" म्हणत त्यांनी बाईंच्या हातातली नळी तोंडात धरली आणि चुलीवर आयुष्य काढलेल्या फुप्फुसांनी अशी फुंकर मारली की यंत्र जिवाच्या आकांताने किंचाळलं. लाल दिवा लागला. सासूबाईंनी विजयी मुद्रेने सगळीकडे पाहिलं. "वाजली! माझी वाजली!"

बाईंनी टोपी सारखी केली. पुन्हा सारखी केली. "आजी, तुम्ही गाडी चालवत नव्हता ना?"

"काय म्हणते?"

"गाडी! चालवत होता का?"

"नाही गं. माझा मुलगा चालवतो. फार हुशार आहे."

बाईंनी बदलून दिलेली नळी हुशार मुलाने हातात घेतली. दुसरा मार्ग उरलाच नव्हता. फुंकलं. यंत्र त्यांच्या आईपेक्षा लांब किंचाळलं.

"बिघडलंय," इस्त्रीदादा म्हणाले, पण आता त्यांचा आवाज इस्त्री मोडलेला होता. बाईंनी नवी नळी लावून यंत्र झोकांड्यांपुढे धरलं. त्यांनी फुंकलं. शून्य. त्यांच्या बायकोने पुढे होऊन ते शून्य आपल्या डोळ्यांनी पाहिलं, बराच वेळ, आणि मग भावाच्या जवळ जाऊन, त्या सगळ्या लोकांसमोर, त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन हुंगलं. आईने कधीकाळी तिच्या नवऱ्याला, झोकांड्यांना, हुंगलं होतं, अगदी तसंच. ती मागे सरली आणि पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

कागदपत्रं झाली, इस्त्रीदादांचा परवाना बाईंनी ताब्यात घेतला, कोर्टाची तारीख लागणार असल्याचं सांगितलं. स्कूटर हवालदाराने उचलून कडेला लावली, पण आता गाडी कोण नेणार? वहिनींना चालवता येत नव्हती, बायकोलाही नाही. बाईंनी किल्ली झोकांड्यांच्या हातात ठेवली. ते स्टिअरिंगकडे निघाले, वाटेत एकदा अडथळ्याला आणि एकदा हवालदाराला धरत. मागे थांबलेल्या गाड्यांतला एक जण ओरडलाच, "अहो, याला कसली गाडी देताय!"

झोकांडे बसले आणि ओळंब्यात आले.

गाडी घराकडे निघाली. मागच्या सीटवर इस्त्रीदादा मध्ये, एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला वहिनी. पुढे सासूबाई गाढ झोपलेल्या, मधूनच झोपेत ‘एकोणतीस साते’ म्हणून थबकत. सीटला थिनरचा वास लागला असणार, पण त्याबद्दल तक्रार आली नाही.

पुढचे दिवस झोकांड्यांना वाईट गेले. बायको रागावली होती, आणि नक्की कुणावर ते तिलाही कळत नव्हतं. ती बोलत नसे, भांडी बोलत. ताट आपटलं की समजायचं जेवण झालंय, झाकण आपटलं की समजायचं संपलंय. झोकांड्यांनाही रात्री मध्येच दचकून जाग येई. गाडीचं नाक आणि पोट यांच्यातलं ते हातभर अंतर स्वप्नात कमी कमी होत जाई.

एका सकाळी ते दुकानात पत्रा घासत बसले होते, तर दारात सावली पडली. इस्त्रीदादा. चालत आलेले, परवाना कोर्टाने कितीतरी महिन्यांसाठी बंद केला होता. सदऱ्याला इस्त्री नव्हती. ते रंगाच्या उपड्या डब्यावर बसले. पँटला पिवळा डाग पडला, तरी उठले नाहीत.

"जावईबुवा, मला त्या दिवशी वाटत होतं मी फार छान चालवतोय."

झोकांडे घासत राहिले.

"स्कूटर दिसली मला. आडवी लावलेली. तुम्ही नाही दिसलात." त्यांनी पँटवरचा पिवळा डाग बोटाने चोळला. "हात वर करून उभे होतात म्हणे. दिसलाच नाहीत."

"मी हलत होतो ना सारखा," झोकांडे म्हणाले. "नीट दिसत नसेन."

इस्त्रीदादांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. झोकांड्यांनी त्यांच्या हातात पत्रा घासायची कानस दिली. इस्त्रीदादांनी पत्र्याची एक कड घासली. वाकडी घासली. दुकानामागेच घर, तिथल्या दारातून झोकांड्यांच्या बायकोने हे सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंडाने बोलली, "अहो, चहा टाकू का दोघांना?"

इस्त्रीदादा डॉक्टरकडे जायला लागले. सोपं गेलं नाही. मधे एकदा घसरले, वहिनींनी थर्मास मोरीत ओतला आणि रिकामा थर्मास भंगारवाल्याला देऊन टाकला. पुन्हा सुरुवात केली. अजून चालू आहे.

पण गाडी दारात उभी, आणि चालवणारा कुणी नाही. रोज झोकांड्यांना कुठे बोलवायचं? एक दिवस वहिनी स्वतःच उठल्या आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आल्या. घरात कुणाला विचारलं नाही. झोकांड्यांनी त्यांना मागे-पुढे लावायला दोन पाट्या करून दिल्या, ‘शिकाऊ’ अशा, लाल रंगात, आणि हौसेने खाली छोट्या अक्षरांत ‘कृपया धीर धरा’ असंही लिहिलं.

वहिनी गाडी चालवतात ते बघायला आमची गल्ली बाहेर येते. त्यांचा वेग असा, की सासूबाई खिडकीतून भाजीवालीशी बोलणं सुरू करतात ते पलीकडच्या वळणापर्यंत पुरतं. इस्त्रीदादा शेजारच्या सीटवर ताठ बसलेले असतात आणि त्यांना राहवत नाही. "क्लच सोड. अगं, हळू सोड. आता गिअर..."

"गप्प बसा," वहिनी म्हणतात, समोरून नजर न काढता.

आणि ते बसतात.